एकट्याने सॉफ्टवेअर बनवताना रोजचं काम सगळ्यांसमोर मांडत जावं का? कल्पना चोरीला जात नाही का?

जरूर मांडा. फक्त कोणासमोर मांडायचं ते आधी ठरवा. माझे सात महिने त्यातच गेले.

मी एकटाच दूध संकलन केंद्रांसाठी हिशेबाचं ॲप बनवतो. सुरुवातीला ट्विटरवर रोज इंग्रजीत लिहायचो. पाठ थोपटणारे सगळे माझ्यासारखेच प्रोग्रामर. केंद्रचालक एकही तिकडं फिरकला नाही. मग आमच्या भागातल्या केंद्रचालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर रविवारी मिनिटभराचा व्हिडिओ टाकू लागलो.

दुसऱ्याच व्हिडिओवर एका काकांचा फोन आला, "अहो, एकाच खात्यावर गाईचंही दूध येतं आणि म्हशीचंही. तुमच्यात ते टाकायचं कुठं?" मी एका खात्याला एकच प्रकार ठेवला होता, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक), दरपत्रक, सगळं त्यावर बेतलेलं. दुरुस्तीला १२ दिवस लागले. मधल्या रविवारी चूक काय झाली ते ग्रुपवर सरळ सांगून टाकलं. त्याच आठवड्यात तिघांनी आपल्याकडच्या दहा दिवसांच्या बिलाचे फोटो पाठवले: "हे बसतंय का बघा."

एकट्याने सॉफ्टवेअर बनवणाऱ्या पीटर लेव्हल्सच्या नोमॅड लिस्टचं, म्हणजे फिरत काम करणाऱ्यांना राहायला कुठलं शहर बरं ते सांगणाऱ्या वेबसाइटचं, उदाहरण सगळे देतात. २०१४ मध्ये त्याने शहरांची माहिती एका खुल्या गूगल शीटमध्ये टाकली आणि लोकांनीच ती भरत नेली. पण भरणारे स्वतःच लॅपटॉप घेऊन देशोदेशी फिरणारे होते. त्याचे वाचक तेच त्याचे गिऱ्हाईक. हे जुळत नसेल तर नुसतं रोज लिहून काही होत नाही.

चोरीचं म्हणाल, तर व्हिडिओत फक्त स्क्रीन दिसतो, आतला हिशेब नाही. बिलातून आधी पेंडीची कपात की उचलीचा (आगाऊ घेतलेल्या पैशांचा) हप्ता, बिल कमी पडलं तर बाकी पुढं कशी ओढायची, हे केंद्रागणिक बदलतं. पहाटे केंद्रावर जाऊन बसल्याशिवाय ते कळत नाही, आणि चोरणारा तिथं बसायला येत नाही.

जपायचं ते दुसऱ्याचं. एकदा व्हिडिओत एका खातेदाराचं नाव आणि त्याची उचल दिसली. दहा मिनिटांत व्हिडिओ काढला, पण गावात तेवढा वेळ पुष्कळ झाला. त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्या दिवसापासून व्हिडिओसाठी खोट्या नावांची वेगळी खाती ठेवली आहेत.