तिशीनंतर नव्या शहरात मैत्री का जमत नाही?

पुण्याहून बडोद्याला येऊन वर्ष झाले, ऑफिसात सगळे छान बोलतात, तरी जवळचे असे कोणी नाही, असे तुम्ही विचारले आहे. यात तुमच्या स्वभावाचा दोष मला मुळीच दिसत नाही. कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांनी नुकतेच गाव बदललेल्या अमेरिकन प्रौढांचा आणि नव्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून २०१८ मध्ये असे मांडले की, तोंडओळखीची साधी मैत्री होण्यास सुमारे ५० तास, तर जिवलग मैत्रीस २०० हून अधिक तास सोबत घालवावे लागतात, आणि केवळ कामानिमित्त एकत्र काढलेल्या तासांचा त्यात फारसा उपयोग होत नाही. कॉलेजात हे तास न मागता मिळतात; तिशीनंतर ते मुद्दाम काढावे लागतात. म्हणून दर रविवारी नवी जागा शोधण्यापेक्षा एकच जागा, एकच वेळ धरा. सकाळी कमाटीबागेत तीच फेरी मारणाऱ्यांशी आधी नुसता नमस्कार होऊ द्या, मग एखाद्याला दांडिया बाजारात चहाला बोलवा, आणि तिथे हवापाण्याच्या गप्पांवर न थांबता घरची आठवण येते हेही मोकळेपणाने सांगा. त्याने पहिल्यांदा टाळले, तर मनाला लावून न घेता पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा.