लातूरच्या गच्चीवर जपानी मॅपलचं बोन्साय होईल का?

तुम्ही विचारलंय की वीतभर उंचीचं जपानी मॅपल मागवलंय, ते बोन्सायच्या ट्रेमध्ये कधी लावू आणि फांद्यांना वळण द्यायची तार कधी गुंडाळू. दोन्हींचं उत्तर एकच : एवढ्यात नाही.

माझं परभणीतलं मॅपल एकच उन्हाळा टिकलं, दुसऱ्या मे महिन्यात गेलं. निम्मी चूक माझीच. जानेवारीत रोप आलं तेव्हा खोड पेनाच्या रिफिलएवढं. हौसेपोटी मी आठवड्यातच मुळ्या छाटून ते उथळ ट्रेमध्ये बसवलं. मग वर्षभर रोज सकाळी बघायचो, खोड तेवढंच! ट्रेमध्ये झाड जगतं, जाड होत नाही. वर फांद्या मोकाट सुटल्या, पानं वाढली, की खाली घेर वाढतो. म्हणून जाणकार रोप आधी जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत काही वर्षं सोडून देतात, मग खोड खालूनच कापतात आणि नव्या फुटव्याला शेंडा करतात. पुन्हा वाढू द्यायचं, पुन्हा कापायचं. बुंध्याला निमुळता आकार येतो तो असा. ट्रे सगळ्यात शेवटी.

तारेचं म्हणाल तर मॅपलची साल नाजूक असते. वाढीच्या दिवसांत तार काही आठवड्यांतच रुतते आणि वळ कायमचे राहतात. काढताना उलगडू नका, कटरने तुकडे करून काढा.

त्याआधी रोप खरंच मॅपल आहे का बघा. पानं समोरासमोर जोडीनं येतात, पंजासारखी, बहुधा 5 ते 7 बोटांची. लाल पानांच्या जाती बहुतेक कलमी असतात, बुंध्याजवळ गाठ दिसते आणि ती बोन्सायमध्ये डोळ्यांत खुपते. (ऑनलाइन निळ्या मॅपलच्या बियाही विकतात. निळं मॅपल नसतंच.)

आता आपल्याकडची खरी अडचण. या झाडाला हिवाळ्यात झोप लागते, कित्येक आठवडे पारा 7 अंशांच्या खाली हवा. परभणीत एखाद्या डिसेंबरात चार रात्री 5-6 पर्यंत जातो, लातूरला तेवढंही क्वचित. झोप न झालेलं झाड वर्षागणिक थकत जातं. त्यात मे महिन्यातलं 42-43 अंशांचं ऊन आणि कोरडा वारा. माझ्या मॅपलची पानं कडेनं तपकिरी होऊन भाजलेल्या पापडासारखी वळली होती. बोअरच्या क्षाराच्या पाण्यानं उरलंसुरलं संपवलं. फिल्टरचं वाया जाणारं पाणी तर मुळीच नको, त्यात क्षार आणखी दाटलेले असतात.

तरी ठेवायचंच असेल तर पूर्वेकडचं फक्त सकाळचं ऊन, वर शेडनेट, आणि साठवलेलं पावसाचं पाणी. शेतातली काळी माती कुंडीत घालू नका, ओली झाली की चिकटते, वाळली की तडकते आणि मुळ्या तोडते. विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे, जाड वाळू आणि थोडं कुजलेलं शेणखत, बस.

आणि हात बसवायला दुसरं झाड घ्याच. नांदरुक, उंबर किंवा चिंच. 2016 साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी मागणारं परदेशी झाड एकट्याच्या भरवशावर ठेवणं मला तरी पटत नाही. चिंचेची पानं मुळातच बारीक, साल लवकर म्हातारी दिसते. चिंचोके रात्रभर भिजवून जूनमध्ये टाका. माझी चिंच 9 वर्षांची आहे, बुंधा अंगठ्याहून जाड. मागच्या मे महिन्यात लग्नाला गेलो, दोन दिवस पाणी चुकलं, सगळी पानं झडली. मी हात जोडले होते, पण आठवड्याभरात पुन्हा फुटली.

तुमच्या रोपाच्या बुंध्याचा जवळून फोटो टाका. कलमाची गाठ किती खाली आहे ते बघून कुठं कापायचं ते सांगतो.