वर्षश्राद्धाला वडिलांबद्दल काय बोलावं?

तुम्ही विचारलंय, "वडील आयुष्यभर घर आणि देव यातच रमले. वर्षश्राद्धाला पाहुण्यांसमोर त्यांच्याबद्दल काय बोलू?" तीन वर्षांपूर्वी मीही याच विचारात होतो, म्हणून लिहितोय.

मी आधी कागदावर 'धर्मपरायण, कुटुंबवत्सल, मनमिळाऊ' असं बरंच काही लिहून काढलं. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "हे कुणाचं रं?" कागद ठेवून दिला आणि खेट्यांबद्दल, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावर चालत जायच्या फेऱ्यांबद्दल बोललो.

आमचे आप्पा कोल्हापुरात उद्यमनगरात एका फौंड्रीत मोल्डर होते. माघातले पाचही रविवार जोतिबाला चालत जायचे. पहाटे तीनला उठून आधी घरचं पाणी भरायचे, आईला घागरी उचलायला लागू नयेत म्हणून. मग पंचगंगेत अंघोळ, आणि अनवाणीच शिवाजी पूल ओलांडून वडणगे, निगवे, कुशिरे, गायमुख करत डोंगर. आम्हा भावंडांनाही न्यायचे. पाय दुखतात म्हणून कुणी रडायला लागलं की गोष्ट सुरू व्हायची. दैत्यांना मारून जोतिबा हिमालयाकडं निघाला, तेव्हा अंबाबाई करवीराहून, म्हणजे कोल्हापुराहून अनवाणी चालत आली आणि तिनं त्याला थांबवलं, तेच हे खेटे. शेवटी आप्पा हमखास म्हणायचे, "आपलं माणूस निघालं की पायताण हुडकत बसायचं न्हाई."

धाकटा बारावीला नापास झाला त्या रात्री न सांगता घरातून गेला. आप्पा दुसऱ्या पाळीवरून येऊन नुकते जेवायला बसले होते. तसेच उष्ट्या हातानं उठले. आम्ही रंकाळ्यावर, त्याच्या मित्रांकडं शोधत होतो आणि ते उत्तरेश्वर पेठेतून थेट एसटी स्टँड गाठून पुण्याच्या गाडीतून त्याला उतरवून घेऊन आले. एक शब्द रागाचा बोलले नाहीत. आईचं लक्ष त्यांच्या पायांकडं गेलं. पायताण उंबऱ्याशी होतं तिथंच होतं.

रोजची पूजा, रविवारचा उपवास, जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठीला, म्हणजे देवाच्या उंच मानाच्या काठीला खांदा, हे सगळं आप्पांचंही होतं. पण ते त्यांच्या वयाच्या कितीतरी माणसांबद्दल सांगता येईल. तुमच्या वडिलांचं जे दुसऱ्या कुणाला लागू पडणार नाही, ते एक आठवा आणि तेवढंच सांगा. दिवस, रस्ता, त्यांच्या तोंडचे शब्द जसे होते तसे येऊ द्यात. मध्येच आवाज दाटला तर थांबा, लोक थांबतात.

मी बोलून खाली बसलो, तर मागं उभा असलेला धाकटा म्हणाला, "स्टँडवर आधी आम्ही चहा घेतला. आप्पांच्या खिशात पैसे नव्हते. मी दिले." हे आईलाही माहीत नव्हतं. मग फौंड्रीतले एक काका बोलले, मग आत्या. म्हणून सांगतो, स्वतःचं थोडक्यात आवरा, आणि बोलणं संपल्यावर लगेच पानं वाढायला सांगू नका.