क्रीटमधला पहिला दिवस: एलाफोनिसी आधी खोडा

ग्रीसच्या क्रीट बेटावरचा तुमचा पहिल्या दिवसाचा बेत वाचला. सकाळी क्नोसोसच्या प्राचीन राजवाड्याचे अवशेष, दुपारी एलाफोनिसीची गुलाबी वाळू, रात्री जेवायला परत हेराक्लिओनला. उत्साह छान आहे, पण एलाफोनिसी क्रीटच्या पार नैर्ऋत्य टोकाला. गाडीने नुसतं जायलाच तीन तास लागतात. त्याला वेगळा दिवस द्या.

क्नोसोस हेराक्लिओन शहरापासून जेमतेम 5 किमी, सिटी बस जाते. सकाळी आठला दारात हजर राहा, कारण आत सावली कमी आणि नंतर टूरच्या बसगाड्या येऊन थडकतात. ते लाल खांब पाहून "रंग काय टिकलाय!" म्हणू नका हं. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्सने 1900 पासून उत्खनन केलं आणि पुढे बराच भाग काँक्रीटने उभा केला. मूळ भित्तिचित्रं शहरातल्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. नवखे नेमकं तेच गाळतात! भर दुपारचं ऊन तिथेच काढा.

संध्याकाळी अमुदारा किनारा. तोही बसच्या टप्प्यात. उन्हाळ्यात वारा जोरात असतो. लाल बावटा दिसला तर पाण्यात उतरायचं नाही.

जेवणाचं:
- डाकोस घ्याच: जवाचा कडक टोस्ट, वर किसलेला टोमॅटो, मिझिथ्रा चीज, ऑलिव्ह तेल. रस खालपर्यंत मुरू द्या, नाहीतर दाताची परीक्षा.
- शाकाहारी असाल तर येमिस्ता, म्हणजे भरलेले टोमॅटो-ढोबळी मिरच्या. खिमा नाही ना, एवढं विचारा.
- शेवटी न मागवलेली राकी (द्राक्षांपासूनची कडक दारू) आली तर दचकू नका, बहुतेक ठिकाणी ती त्यांच्यातर्फे असते.