पागेतले प्रश्न : म्हाताऱ्या घोडीला घर शोधताना

प्रश्न : आमच्या लहानशा प्राणिसंस्थेकडे तीन महिन्यांपूर्वी एक घोडी आली. आधी मुंबईत व्हिक्टोरिया घोडागाडीला होती. 2015 च्या जूनमध्ये उच्च न्यायालयाने त्या गाड्यांची मौजेची फेरी बेकायदा ठरवली, त्यानंतर ती वरातींत फिरली आणि शेवटी हाडांचा सापळा होऊन आमच्या दारात आली. स्वभावाने अगदी गरीब, लहान मुलं पोटाखालून गेली तरी हलत नाही. वय 22-23 सांगतात. आमच्याकडे जागा नाही. तिला चांगलं घर मिळवून देण्यासाठी कुठून सुरुवात करावी?
(एक वाचक, कल्याण)

उत्तर : जाहिरात इतक्यात देऊ नका. आधी तो ‘गरीब’ शब्द तपासा. उपाशी आणि रक्त कमी झालेलं जनावर गरीबच असतं, कारण लाथ झाडायलाही अंगात बळ लागतं. बरगड्या डोळ्यांना दिसत नाहीत पण बोटांना लागतात, इतकी ती भरू द्या. त्यानंतर 6 ते 8 आठवडे निरखा. चारही पाय उचलू देते का? चंदी (दाणा) खाताना जवळ गेलं तर कान मागे पाडते का? सोबतचं जनावर नजरेआड गेलं की दाव्याला हिसके देते का? फटाका किंवा बँड वाजला तर काय करते? (वरातीच्या घोडीला याची सवय असते, पण सवय आणि निर्धास्तपणा यांत फरक आहे.) जे दिसेल ते तारखेसह लिहून ठेवा, वाईटही. नव्या माणसाला खोड आधी कळली तर तो सांभाळून घेतो. नंतर कळली तर महिन्याभरात घोडी परत येते, नाहीतर परस्पर विकली जाते.

वयाबाबत ऐकीव आकडा छापू नका. वरच्या कोपऱ्यातल्या पटाशीच्या दातावर एक उभी तपकिरी खाच असते. ती साधारण दहाव्या वर्षी हिरडीपाशी उगवते, पंधराव्या वर्षी अर्ध्या दातापर्यंत येते, विसाव्या वर्षी पूर्ण लांबी गाठते आणि मग हिरडीकडून पुसली जायला लागते. वरचा अर्धा भाग कोरा दिसला तर घोडी पंचविशीच्या आसपास समजा. हा अंदाजच असतो, पण ‘असेल वीस-बावीस’पेक्षा बरा.

वजन टेपने काढा. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये मोजा. घेराला घेरानेच गुणा, मग लांबीने गुणा आणि 11,880 ने भागा. घेर 155 आणि लांबी 145 असेल तर वजन साधारण 293 किलो येतं. दर पंधरवड्याला एकाच माणसाने मोजावं, कारण टेप ओढण्याची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

सरकारी पशुवैद्यकामार्फत ग्लँडर्ससाठी रक्त तपासून घ्या. हा आजार माणसालाही होतो आणि लागण निघाली तर कायद्याने घोडं मारावं लागतं, म्हणून पुष्कळ जण तपासणी टाळतात. तुम्ही टाळू नका. पावसाळ्यानंतर ताप येऊन वजन उतरत असेल तर सर्राचीही तपासणी हवी, हा रक्तातल्या परजीवीचा आजार रक्त पिणाऱ्या माश्यांमुळे पसरतो. धनुर्वाताची लस घोड्याला चुकवायचीच नाही : चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, मग दरवर्षी एक.

आता माणसं. फोन करणारे बहुतेक जण पहिल्या वाक्यात जमीन सांगतात, ‘आमचा पाच एकरांचा फार्महाऊस आहे.’ म्हाताऱ्या घोडीला पाच एकर नकोत. तिला दिवसातून तीन-चारदा भिजवलेलं खाणं देणारा माणूस हवा. म्हणून एकच प्रश्न आधी विचारा : रात्रीचं खाणं कोण देणार, आणि तो गावाला गेला तर कोण? नाव सांगितलं तर पुढे बोला. ‘राखणदार आहे ना’ असं उत्तर आलं तर त्या राखणदाराला भेटा, खरा सांभाळणारा तोच.

फुकट मिळालेलं घोडं पुढच्या लग्नसराईत वरातीत दिसणं किंवा सारंगखेड्यासारख्या घोडेबाजारात उभं राहणं अशक्य नाही. करार लेखी करा. सवारी नाही, गाडी नाही, वरात नाही, व्यायला लावणं नाही, विक्री किंवा परस्पर देणं नाही. सांभाळणं जमेनासं झालं तर घोडी तुमच्याकडेच परत. तुम्ही न कळवता येऊन पाहू शकता. पहिले 30 दिवस चाचणीचे. सोबत चारही बाजूंचे फोटो, कपाळावरचा टिळा आणि केसांच्या भोवऱ्यांच्या जागा नोंदवा.

प्रश्न : मुळशीत घरामागे दोन एकर आहे. एक म्हातारं घोडं पाळायचा विचार आहे. काय तयारी लागेल?

उत्तर : पहिली तयारी सोबतीची. एकटं घोडं कुढतं, कुंपणालगत येरझारा घालतं. दुसरं घोडं नसेल तर गाढव, गाय किंवा शेळीही चालते.

12 बाय 12 फुटांचा गोठा, वर पक्कं छप्पर, एक बाजू उघडी. शहाबादी फरशी नको, म्हातारं घोडं तिच्यावर घसरतं आणि उठताना मागचे पाय फाकतात. मुरूम चोपून त्यावर भाताच्या पेंढ्याचा वीतभर थर द्या. तुमच्याकडच्या पावसात चिखलात उभं राहून खूर कुजतात, खुराखालून काळा, घाण वासाचा लगदा निघतो. रोज खूर कोरून सुक्या जागी उभं करणं हाच इलाज. नालबंद 6 ते 8 आठवड्यांनी हवा. काम नसलेल्या घोड्याचे नाल काढूनच टाका.

300 किलोच्या घोड्याला रोज सुमारे 6 किलो सुका चारा, म्हणजे वर्षाला सव्वादोन टनांच्या आत-बाहेर. तो पावसाआधी भरून ठेवा. बुरशी लागलेला कडबा गाय कदाचित पचवेल, घोड्याला पोटशूळ होईल. कोवळी हिरवी ज्वारी सतत खाऊ घातली तर मूत्राशय आणि मागचे पाय निकामी होऊ शकतात. गाईची गोळीपेंड आणि कोंबडीचं खाद्य दोन्ही घोड्यापासून कुलपात ठेवा. त्यांत काही वेळा मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं, ते घोड्याच्या हृदयाला घातक आहे. पाणी रोज 20 ते 30 लिटर, उन्हाळ्यात जास्त.

घोडं आणताना टेंपोत वाळू किंवा पेंढा अंथरा, दावं इतकं ठेवा की मान खाली घालता येईल, आणि आल्यावर 3 आठवडे इतर घोड्यांपासून वेगळं बांधा.

प्रश्न : आमचं घोडं गवत चावतं आणि गोळा करून टाकून देतं. भूक मात्र आहे.

उत्तर : दाढा झिजल्यात किंवा त्यांना धारदार कडा आल्यात. पशुवैद्यकाकडून तोंड उघडून तपासून, कडा घासून घ्या. दाढाच उरल्या नसतील तर चारा भिजवूनच द्यावा लागेल. एका वेळेला : सुक्या लसूणघासाचा (ल्युसर्न) चुरा 1 किलो, गव्हाचा कोंडा पाव किलो, मीठ एक चमचा, कोमट पाणी 3 लिटर, तासभर भिजवून. असं दिवसातून चार-पाचदा. नुसत्या कोंड्यावर घोडं ठेवू नका. त्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम कमी, हाडं पोकळ होतात. घोडं अगदी खंगलेलं असेल तर दाण्याला हात लावू नका. पहिले 3 दिवस दर 4 तासांनी फक्त अर्धा किलो लसूणघास, मग हळूहळू वाढवा.

नाकपुड्यांतून लाळ आणि चारा आला तर घास अन्ननलिकेत अडकलाय. खाणं-पाणी काढून घ्या, मान खाली राहू द्या, डॉक्टरला बोलवा. बाटलीने तेल पाजू नका, ते फुप्फुसात जातं.

प्रश्न : शेवट आला की काय करायचं, हे आधी ठरवावं का?

उत्तर : हो, करारातच. कोण ठरवणार, कोणता पशुवैद्यक येणार, खर्च कोणाचा. इंजेक्शनने शांत केलेलं घोडं उघड्यावर टाकू नका, औषध मांसात राहतं आणि कुत्री, गिधाडं मरतात. खड्डा विहीर-ओढ्यापासून लांब, किमान 8 फूट खोल. जेसीबी तिथपर्यंत पोचतो का ते मे महिन्यातच बघून ठेवा, जुलैत चाक रुततं.