रग्बी संघनिवडीविषयी वाचकांचे प्रश्न

राष्ट्रीय संघ जाहीर झाले की या सदराकडे येणारी पत्रे वाढतात आणि त्यांतली बहुतेक पत्रे वगळलेल्या खेळाडूंची बाजू मांडणारी असतात. त्यांतील सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. काही प्रश्न मुळातच गुंतागुंतीचे असल्याने त्यांची उत्तरे लांबली आहेत.

प्रश्न : क्लबच्या सामन्यांत महिनोन्‌महिने देखणा खेळ करणारा फ्लाय-हाफ (दहा क्रमांकाची जर्सी घालून संघाचा खेळ चालवणारा खेळाडू) राष्ट्रीय संघात राखीव म्हणूनही दिसत नाही आणि ज्याचा खेळ मला तरी संथ वाटतो, त्याला दहा क्रमांकाची जर्सी मिळते. फॉर्म हा निकष नसेल, तर निवड कशाच्या आधारावर होते?

उत्तर : फॉर्म हा निकष आहेच, मात्र फॉर्म कशाला म्हणायचे, याविषयी प्रेक्षक आणि प्रशिक्षक यांचे एकमत क्वचितच असते. क्लबच्या सामन्यात फ्लाय-हाफ चमकतो, तेव्हा त्याच्या पुढच्या, रेटारेटीचे काम करणाऱ्या आठ फॉरवर्ड खेळाडूंनी समोरच्या संघाला मागे रेटलेले आहे का, हे आधी पाहावे लागते. स्क्रममधून (दोन्ही संघांचे फॉरवर्ड एकमेकांना भिडून रेटतात, ती रचना) आणि रकमधून (खेळाडू पाडल्यावर जमिनीवरच्या चेंडूभोवती होणारी झटापट) चेंडू झटपट बाहेर येत असेल, तर बचावफळी मागे सरकत असते आणि फ्लाय-हाफला विचार करायला वेळ मिळतो. कसोटी सामन्यात (रग्बीमध्ये दोन देशांच्या प्रमुख संघांतील लढतीला कसोटी म्हणतात आणि ती ८० मिनिटांचीच असते) हा वेळ जवळजवळ नाहीसा होतो. तेथे चेंडू पायाने कोठे पाठवायचा, पावसात कसे खेळायचे आणि संघ मागे पडत असताना घाई कशी टाळायची, हेच त्या खेळाडूचे खरे काम होऊन बसते.

इंग्लंडचे २०२३ च्या विश्वचषकातील उदाहरण बोलके आहे. मार्कस स्मिथ हा धाडसी, पायांत वीज असलेला फ्लाय-हाफ, तर जॉर्ज फोर्ड हा सामन्याची सूत्रे शांतपणे हाती ठेवणारा. ओवेन फॅरेल निलंबित असल्याने अर्जेंटिनाविरुद्धच्या पहिल्या सामन्यात दहा क्रमांकावर फोर्ड उतरला. तिसऱ्याच मिनिटाला टॉम करीला मैदान सोडावे लागले, त्याच्या पिवळ्या कार्डाचे पुढे लाल कार्ड झाले आणि इंग्लंडला जवळजवळ पूर्ण सामना १४ खेळाडूंनिशी खेळावा लागला. फोर्डने सहा पेनल्टी आणि तीन ड्रॉप गोल (खेळ चालू असताना चेंडूला टप्पा देऊन मारलेले गोल) मारून संघाचे सर्वच्या सर्व २७ गुण मिळवले आणि इंग्लंडने तो सामना २७-१० असा जिंकला. एकही ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवणे) नसलेला हा विजय डोळ्यांचे पारणे फेडणारा खचितच नव्हता. परंतु एक खेळाडू कमी असताना चेंडू हातात ठेवून धावत राहणे म्हणजे दमणे, हे ओळखून त्याने खेळ बदलला आणि मी त्यालाच उत्तम फॉर्म म्हणेन. त्याच स्पर्धेत फिजीविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात स्मिथला फुलबॅक (सर्वांत मागे उभा राहणारा खेळाडू) म्हणून पहिल्या पंधरात घेतले गेले. म्हणजे त्याच्या गुणांकडे कोणी डोळेझाक केली नव्हती, त्यांच्यासाठी मैदानावर वेगळी जागा शोधली गेली.

प्रशिक्षक नेहमी बरोबर असतात, असे मात्र मी म्हणणार नाही. ओळखीच्या खेळाडूचा सूर हरपला असतानाही केवळ सवयीने त्याला खेळवत राहणे, ही निवडीतली सर्वांत जुनी चूक आहे आणि ती होत असेल तेव्हा आपल्यासारख्या वाचकांनी ती बोलून दाखवलीच पाहिजे.

प्रश्न : टॅकलची (चेंडू घेऊन येणाऱ्याला पकडून पाडण्याची) टक्केवारी, चेंडू घेऊन कापलेले मीटर, हिसकावलेले चेंडू असे सगळे आकडे आता प्रत्येक सामन्यानंतर मिळतात. मग त्यांवरूनच संघ का निवडू नये?

उत्तर : आकडे उपयोगी आहेत, पण ते ज्या जागी जमा झाले ती जागा विचारात घेतल्याशिवाय त्यांना अर्थ येत नाही. लॉक हा फॉरवर्ड खेळाडू रकच्या अगदी जवळ, दोन्ही बाजूंना सहकारी असताना टॅकल करतो, म्हणून त्याची टक्केवारी चांगली दिसते. कडेला खेळणाऱ्या विंगरला मात्र मोकळ्या मैदानात, पूर्ण वेगाने येणाऱ्या खेळाडूला एकट्याने अडवायचे असते. दोघांची टक्केवारी शेजारी ठेवून विंगरला कच्चा ठरवणे अन्यायाचे आहे. मीटरचेही तसेच. प्रतिस्पर्ध्याने लांब मारलेला चेंडू फुलबॅक झेलतो आणि कोणी अंगावर येण्यापूर्वीच वीस मीटर धावतो. प्रॉप (स्क्रमच्या पहिल्या फळीतला फॉरवर्ड) तीन जणांच्या अंगावर जाऊन दीड मीटर मिळवतो. त्या दीड मीटरमुळे बचावफळी आत ओढली गेली आणि पुढच्या पासवर कडेला जागा झाली, हे मात्र प्रॉपच्या नावापुढे कोठेच लिहिले जात नाही.

मला स्वतःला तीन गोष्टी पाहाव्याशा वाटतात. पहिली म्हणजे खेळाडू जमिनीवर पडल्यावर किती लवकर उठून पुन्हा बचावाच्या रांगेत येतो. दुसरी म्हणजे तो रकमध्ये पोहोचल्यावर चेंडू किती वेगाने बाहेर येतो; तीन सेकंदांच्या आत चेंडू मिळाला, तर समोरच्या बचावाला सावरायला सवड राहत नाही. तिसरी गोष्ट चूक झाल्यानंतरच्या दोन-तीन मिनिटांची आहे. झेल सुटल्यावर पुढचा उंच चेंडू तो स्वतःहून मागतो, की सहकाऱ्याकडे पाहतो? दूरचित्रवाणीचा कॅमेरा चेंडूमागे धावत असल्याने यांतले बरेचसे निसटते. म्हणूनच शक्य असेल तेव्हा सामना मैदानात बसून पाहावा आणि दहा मिनिटे चेंडू सोडून एकाच खेळाडूवर नजर ठेवावी, असे मी आग्रहाने सुचवेन.

प्रश्न : दुखापतीमुळे दीर्घकाळ बाहेर असलेला खेळाडू बरा होताच थेट राष्ट्रीय संघात येतो. त्याच्या जागी इमानेइतबारे खेळलेल्या खेळाडूवर हा अन्याय नाही का?

उत्तर : अन्याय होतो, हे मान्य केले पाहिजे, तरीही कधीकधी तो निर्णय योग्य असतो. २००३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जादा वेळेच्या अखेरीस ड्रॉप गोल मारून इंग्लंडला जिंकून देणारा जॉनी विल्किन्सन त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ एकामागून एक दुखापतींमुळे इंग्लंडकडून खेळू शकला नाही. फेब्रुवारी २००७ मध्ये तो स्कॉटलंडविरुद्ध परतला, त्या दिवशी त्याने एकट्याने २७ गुण मिळवले आणि इंग्लंडने सामना ४२-२० असा जिंकला. त्याच वर्षी इंग्लंडने विश्वचषकाची अंतिम फेरीही गाठली.

परंतु अशा एका उदाहरणावरून नियम करता येत नाही. विल्किन्सनचे कौशल्य मुख्यतः पायाचे आणि डोक्याचे होते, ते दीर्घ विश्रांतीनंतरही टिकू शकते. ज्याचा खेळ सर्वस्वी वेगावर किंवा स्क्रममधील ताकदीवर उभा आहे, अशा खेळाडूला सामन्यांच्या सरावाशिवाय कसोटीत उतरवणे मला धोक्याचे वाटते.

प्रश्न : २०२३ च्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेने जखमी हूकरच्या (स्क्रमच्या पहिल्या फळीतील मधल्या खेळाडूच्या) जागी फ्लाय-हाफ बोलावला आणि अंतिम सामन्यात राखीव बाकावर सात फॉरवर्ड आणि फक्त एक बॅक (फॉरवर्डच्या मागे खेळणारा खेळाडू) ठेवला. हा निव्वळ जुगार नव्हता का?

उत्तर : जुगार होता, पण हिशेब मांडून खेळलेला होता आणि संघनिवडीच्या अभ्यासासाठी अलीकडच्या काळात याहून चांगले प्रकरण मला माहीत नाही.

घटनाक्रम पाहू. हान्द्रे पोलार्ड पोटरीच्या दुखापतीमुळे मूळ ३३ जणांत नव्हता. हूकर माल्कम मार्क्सचा गुडघा दुखावला, तेव्हा त्याच्या जागी हूकरच येईल अशी सर्वांची अपेक्षा होती. बोलावणे पोलार्डला गेले. त्यामुळे हाडाचा हूकर म्हणून बोंगी म्बोनाम्बी एकटाच उरला. त्याच्या मागे ३७ वर्षांचा डिऑन फूरी होता, जो कारकिर्दीच्या सुरुवातीला हूकर असला तरी पुढे फ्लँकर (स्क्रमच्या कडेचा फॉरवर्ड) झाला होता. पोलार्ड संघात दाखल झाल्यानंतर काही दिवसांतच आफ्रिका आयर्लंडकडून १३-८ अशी हरली. त्या सामन्यात मानी लिबॉक आणि फाफ डी क्लर्क यांच्या गोलच्या किका वारंवार हुकल्या आणि पराभवाचे अंतर होते अवघे पाच गुण. लिबॉकचे पास आणि खेळाची दृष्टी उत्तम होती, हे मी आवर्जून नोंदवतो; फॉर्म नसलेला खेळाडू म्हणून त्याला निकालात काढणे चुकीचे ठरेल. बाद फेरीतही त्यालाच पहिल्या पंधरात ठेवले गेले. पण इंग्लंडविरुद्धच्या पावसाळी उपांत्य सामन्यात ३१ व्या मिनिटालाच त्याला बाहेर घेऊन पोलार्डला उतरवले आणि अखेरच्या मिनिटांत पोलार्डच्या लांबच्या पेनल्टीने आफ्रिका १६-१५ अशी जिंकली.

अंतिम सामन्यात मात्र या निर्णयाची किंमत लगेच समोर आली. सुरुवातीच्या मिनिटांतच म्बोनाम्बी जखमी झाला आणि फूरीला जवळजवळ पूर्ण सामना हूकर म्हणून खेळावे लागले. लाइनआउटमध्ये (चेंडू मैदानाबाहेर गेल्यावर कडेवरून खेळ पुन्हा सुरू करताना) चेंडू फेकण्याचे काम हूकरचे असते आणि तेथे आफ्रिकेची ओढाताण झाली. दुसऱ्या बाजूला न्यूझीलंडविरुद्धचे आफ्रिकेचे बाराच्या बारा गुण पोलार्डच्या चार पेनल्टींचे होते आणि सामना १२-११ असा एका गुणाने सुटला. न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन याला मिळालेले लाल कार्डही त्या निकालामागे आहे, हे विसरता कामा नये.

राखीव बाकाबाबत नियम असा, की २३ जणांच्या संघात स्क्रमच्या पहिल्या फळीतील तिन्ही जागांसाठी बदली खेळाडू हवेत. म्हणजे आठ राखीवांपैकी तीन जागा आधीच ठरलेल्या असतात आणि खरा निर्णय उरलेल्या पाचांचा असतो. सात-एक अशी विभागणी करणारा प्रशिक्षक मानतो, की तासाभराने फॉरवर्ड थकतात, तेव्हा सगळी फळी ताजी करणे हाच सर्वांत मोठा लाभ आहे. मार्च २०२५ मध्ये फ्रान्सने डब्लिनमध्ये आयर्लंडविरुद्ध हीच विभागणी केली. पूर्वार्धातच अँत्वान द्यूपाँ गुडघा दुखावून बाहेर गेला, मॅक्सिम लुकू हा बाकावरचा एकमेव बॅक त्याच्या जागी आला आणि नंतर आणखी एक बॅक जखमी झाल्यावर ऑस्कर जेगू या फ्लँकरला सेंटरच्या (मधल्या बॅकच्या) जागी उभे राहावे लागले. तरीही फ्रान्स ४२-२७ असा जिंकला. असे बाक ज्या संघाकडे दोन-तीन जागांवर खेळू शकणारे बॅक आणि धावू शकणारे फ्लँकर आहेत, त्यालाच परवडते, असे माझे मत आहे. केवळ अनुकरण म्हणून ते करणाऱ्या संघाची एक दिवस मोठी पंचाईत होईल.

प्रश्न : परदेशी क्लबकडून खेळणाऱ्यांना न घेण्याचा काही देशांचा नियम योग्य आहे का?

उत्तर : हेतू समजण्यासारखा आहे. खेळाडू देशातच राहिला, तर त्याने वर्षभरात किती सामने खेळावेत यावर राष्ट्रीय मंडळाचे नियंत्रण राहते आणि देशातील स्पर्धांना प्रेक्षक मिळतात. न्यूझीलंड हे बंधन कडकपणे पाळतो. २०२३ चा अंतिम सामना खेळलेला रिची मोउंगा जपानमधील क्लबकडे गेला आणि २०२४ च्या कसोट्यांत तो दिसला नाही.

इंग्लंडचा अनुभव कडू आहे. तूलाँकडून खेळणारा स्टेफन आर्मिटेज २०१४ मध्ये युरोपातील सर्वोत्तम खेळाडू ठरला होता, पण तो फ्रान्समध्ये असल्याने मायदेशातील २०१५ च्या विश्वचषकासाठी त्याचा विचार झाला नाही. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्यात डेव्हिड पोकॉक आणि मायकेल हूपर यांनी जमिनीवरच्या चेंडूवर पूर्ण वर्चस्व गाजवले, म्हणजे नेमके आर्मिटेजचे बलस्थान इंग्लंडला हवे होते. इंग्लंड ३३-१३ असे हरले आणि यजमान असूनही गटातच बाद झाले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाने ६० कसोट्या आणि देशातील रग्बीची सात वर्षांची सेवा पूर्ण केलेल्यांना परदेशातून खेळण्याची मुभा दिली. तूलाँकडूनच खेळणारा मॅट गिटो तिच्यामुळे परतला आणि संघ अंतिम फेरीत पोहोचला. सरसकट बंदीपेक्षा अशी मर्यादा मला न्याय्य वाटते, मात्र ती फार उंच नसावी. वेल्सने आपली ६० सामन्यांची अट २०२३ मध्ये २५ वर आणली, ते योग्यच झाले.

प्रश्न : २०१३ च्या ब्रिटिश अँड आयरिश लायन्स दौऱ्यात निर्णायक कसोटीतून ब्रायन ओ'ड्रिस्कॉलला वगळले, ते आजही पटत नाही. आपले मत काय?

उत्तर : लायन्स संघ इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड या चार देशांतून काही आठवड्यांपुरता एकत्र येतो, त्यामुळे एकमेकांना ओळखणाऱ्या जोड्यांना तेथे फार महत्त्व असते. ऑस्ट्रेलियातील मालिका १-१ अशी बरोबरीत होती, कर्णधार सॅम वॉरबर्टन जखमी होता आणि चौथ्या लायन्स दौऱ्यावर आलेला आयर्लंडचा सेंटर ओ'ड्रिस्कॉल नेतृत्व करील, अशीच बहुतेकांची अटकळ होती. प्रशिक्षक वॉरन गॅटलंड यांनी त्याला २३ जणांतूनही वगळले. सेंटरच्या दोन्ही जागांवर जेमी रॉबर्ट्स आणि जोनाथन डेव्हिस ही वेल्सची जोडी घेतली आणि पहिल्या पंधरात वेल्सचे दहा खेळाडू उतरवले. गॅटलंड स्वतः वेल्सचे प्रशिक्षक असल्याने पक्षपाताचा आरोप झाला. सिडनीत लायन्स ४१-१६ असे जिंकले.

विजयाने निर्णय आपोआप योग्य ठरत नाही. सामना प्रामुख्याने स्क्रममध्ये जिंकला गेला आणि ओ'ड्रिस्कॉल असता तरी निकाल बहुधा तोच लागला असता. तरीही सरावलेली जोडी परत एकत्र येत असताना तिला पसंती देणे मला पटते. त्याला पूर्णपणे बाहेर ठेवणे पटत नाही. राखीव बाकावर सेंटर म्हणून मानू तुइलागी होता. त्या जागी मी ओ'ड्रिस्कॉलला घेतले असते, कारण सामना अटीतटीचा झाला असता, तर शेवटच्या वीस मिनिटांत बचावफळीला आवाज देणारा त्याच्याइतका जाणता सेंटर त्या संघात दुसरा नव्हता.