नागपुरात फोटोग्राफीचं काम ओळखीपाळखीतून कसं वाढवायचं?

तुम्ही लिहिलंय की कॅमेरा घेऊन दीड वर्ष झालं, इन्स्टावर पेज आहे, जाहिरातीला पैसेही घातले, तरी कामं येतात ती नातेवाइकांचीच आणि तीही अर्ध्या पैशात, आणि आता सगळे म्हणून राहिले की नेटवर्किंग कर, तर ते नेमकं कुणाशी करायचं. मी नागपुरात अकरा वर्षांपासून लग्नं शूट करून राहिलोय, सुरुवातीची तीन वर्षं माझीही अशीच गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लग्न ठरलं की मुलीचे वडील आधी फोटोग्राफर शोधत नाहीत. आधी लॉन नाहीतर मंगल कार्यालय, मग बिछायतवाला म्हणजे मंडप-डेकोरेशनवाला, कॅटरर, पार्लरवाली ताई, आणि मग कधीतरी मेनू ठरवता ठरवता ते कॅटररलाच विचारतात, "भाऊ, फोटोवाला कोणी आहे का चांगला?" त्या वेळी त्याच्या तोंडी तुमचं नाव यायला पाहिजे, बस. व्हिजिटिंग कार्डं शंभर वाटा, ती त्याच्या गल्ल्यात पडून राहतात, पण तुम्ही काढलेला त्याच्या कामाचा फोटो तो स्वतःच्या मोबाईलमधून दहा लोकांना दाखवतो.

माझं काम सुरू झालं ते एका बिछायतवाल्यामुळे. मे महिना, वर्धा रोडवरचं लॉन, रात्रीचं लग्न. मी चारलाच पोचलो, ऊन असं की शिडीच्या लोखंडाला हात लावता येत नव्हता, पोरं हाताला फडकं गुंडाळून वर चढून झेंडू अन् निशिगंधाच्या माळा बांधून राहिली होती आणि खाली एक जण उरलेल्या फुलांवर ओलं पोतं टाकून सारखं पाणी शिंपडत होता, कारण आपल्याकडच्या त्या उन्हात फुलं बघता बघता माना टाकतात. मला वाटलं, हे एवढं सगळं वऱ्हाड आल्यावर गर्दीत दिसणारच नाही आणि सकाळी उतरवून टाकतील. सातच्या सुमारास दिवे लागलेले असतात पण आभाळ अजून निळं असतं, तशी पंधरा-वीस मिनिटंच मिळतात, तेवढ्यात ट्रायपॉड लावला, खुर्च्या सरळ करून घेतल्या, स्टेजमागच्या एलईडीच्या लुकलुकण्यानं फोटोत काळे पट्टे येऊ नयेत म्हणून शटर 1/50 वर ठेवलं आणि रिकाम्या मंडपाचे आठ-दहा फोटो काढले. दोन दिवसांनी नवरीच्या वडिलांना विचारून ते त्या बिछायतवाल्या काकांना पाठवले, वॉटरमार्क न टाकता, पैसे न घेता. त्यांचा लगेच फोन आला, "बापा, इतकी वर्षं मंडप टाकून राहिलो, रिकाम्या मंडपाचा फोटो कोणी दिलाच नाही." पुढच्या सीझनला त्यांच्याकडून तीन लग्नं आली, आणि आजही माझ्या कामाचा मोठा हिस्सा त्यांच्या आणि त्यांच्या ओळखीच्या लोकांकडूनच येतो.

"विचारून" हा शब्द मुद्दाम लिहिला. कॉपीराइट कायदा 1957 चं कलम 17 सांगतं की पैसे देऊन कोणी फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल तर त्या फोटोंच्या कॉपीराइटचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो, फोटोग्राफर नाही. बऱ्याच जणांना उलटं वाटतं. म्हणून बुकिंगच्या कागदावर सरळ लिहून सही घ्या की कोणते फोटो पेजवर टाकाल आणि कोणते डेकोरेशनवाल्यांना, पार्लरवाल्यांना द्याल. एखादं घर नाही म्हणालं तर त्यांचा एकही फोटो बाहेर जाऊ देऊ नका. ज्या घराचा विश्वास गेला त्या घरातलं पुढचं साक्षगंधही तुमच्याकडे येणार नाही, आणि ती बातमी पार्लरपासून कॅटररपर्यंत सगळीकडे पोचते.

मेकअप करणाऱ्यांच्या बाबतीत मी एक चूक केली होती. नवरीचा चेहरा एडिटिंगमध्ये एकदम गुळगुळीत केला आणि मोठ्या कौतुकानं ताईंना पाठवला, त्या म्हणाल्या, "दादा, यात माझा मेकअप कुठे आहे?" बरोबरच होतं, तीन तास खपून त्यांनी डोळ्यांचं काम केलं होतं ते मीच पुसून टाकलं. तेव्हापासून मेकअप झाला की खिडकीच्या उजेडात दोन क्लोजअप काढतो, रंग जसेच्या तसे, त्वचेला हात न लावता, आणि ते ताईंसाठी वेगळे ठेवतो. प्रत्येकाला वेगळं काही हवं असतं हे त्या दिवशी कळलं. कॅटररला पंगत बसायच्या आधीचं भरलेलं काउंटर पाहिजे, कडेला तर्री न सांडलेलं, तर बँडवाल्यांना सगळी टीम एका फ्रेममध्ये.

आता दुसरे फोटोग्राफर. त्यांच्यापासून लांब राहू नका, खरं तर सुरुवातीला सगळ्यात जास्त काम तेच देतात. तुळशीच्या लग्नानंतर दाट तारखा आल्या की एकेका माणसाकडे एका दिवशी तीन-तीन चौकश्या येतात आणि त्याला सेकंड शूटर, म्हणजे जोडीला दुसरा फोटोग्राफर, मिळत नाही. त्याला आधीच सांगून ठेवा की या तारखेला मी मोकळा आहे. आपल्याकडे बौद्ध समाजातली लग्नं मुहूर्तावर अडून नसतात, बरीचशी रविवारी असतात, त्यामुळे बिनमुहूर्ताच्या महिन्यातही काम असतं, फक्त त्रिशरण-पंचशील कधी, वंदना कधी, हे आधी समजून घ्या, तिथे सप्तपदीची वाट पाहत बसलात तर मुख्य क्षण हातचा जाईल. आणि दुसऱ्याच्या कामावर गेलात तर तिथे स्वतःचं कार्ड द्यायचं नाही, कोणी नंबर मागितला तर ज्यानं बोलावलं त्याचाच द्यायचा, मेमरी कार्ड त्याच रात्री कॉपी करून त्याच्या हातात ठेवायचं. माझ्याकडे आलेल्या एका मुलानं नवरदेवाच्या भावाला माझ्यासमोरच स्वतःचा रेट सांगितला होता, हात चांगला होता त्याचा, पण परत कधी बोलावलं नाही, जीव होईना.

कमिशनचं विचाराल, तर काही लॉनवाले बुकिंगवर टक्का मागतात. मी एका सीझनला दिला, मग तो भरून काढायला अल्बमचा कागद हलका लावला, पार्टी नाराज झाली आणि नाव माझंच खराब झालं. आता टक्का देत नाही, त्याऐवजी वर्षातून एकदा लॉनचे चांगले फोटो काढून देतो. ड्रोनचंही आधीच स्पष्ट असू द्या, सोनेगाव विमानतळ जवळ असल्यानं वर्धा रोडच्या बऱ्याच लॉनवर परवानगीशिवाय उडवता येत नाही, 2021 चे ड्रोन नियम आहेत, ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा झोनचा नकाशा पाहून पार्टीला बुकिंगच्या वेळीच सांगा. कोणी कितीही आग्रह केला तरी उडवू नका, पोलीस आले तर लॉनवाला तुम्हाला परत दारात उभं करणार नाही.

चातुर्मासात हात रिकामे असतात तेव्हा इंटिरियरवाल्यांना भेटा. एक फ्लॅट तयार झाला की त्यात डिझायनर, मॉड्युलर किचनवाला, लाइटवाला अशा तिघांना त्याच खोलीचे फोटो हवे असतात, तिघांनी खर्च वाटून घेतला तर कुणालाच जड जात नाही आणि तुम्हाला तीन नवीन माणसं मिळतात. भिंती मात्र सरळ उभ्या दिसल्या पाहिजेत, कॅमेरा छातीच्या उंचीवर आणि लेव्हलमध्ये. गांधीबागच्या कापड दुकानांचंही असंच, दिवाळीच्या आधी साड्यांचे फोटो त्यांना व्हॉट्सॲपवर टाकायला लागतातच.

नेटवर्किंगसाठी भरतात त्या सकाळच्या बिझनेस मीटिंगांना फी भरून जायची घाई करू नका, तेवढ्या पैशात एक जुनी स्पीडलाइट, म्हणजे कॅमेऱ्यावरची फ्लॅश, येते.

आत्ता लगेच करायचं तर नातेवाइकांकडची जी लग्नं केलीत त्यांची हार्ड डिस्क काढा. मंडपाचे, जेवणाच्या काउंटरचे, नवरीच्या मेकअपचे निदान वीस-पंचवीस फोटो त्यात निघतीलच. घरच्यांना विचारा, बिछायतवाल्याचा नंबर नवरीच्या वडिलांच्या मोबाईलमध्ये असतो, आणि फोटो पाठवताना खाली फक्त एवढं लिहा की काका, त्या दिवशी मीच होतो फोटोला.